नामाचा वाटा

सारसोळ्याच्या गोजराबाईच्या घरात सकाळचं पहिलं काम म्हणजे टोपली आत घेणं. चूल नंतर, चहा नंतर, देवाला हात जोडणंही नंतर. आदल्या संध्याकाळी ती बांबूची रिकामी टोपली ओट्यावर ठेवायची आणि उजाडता उजाडता दार उघडून आत ओढायची. टोपलीत मासळी असायची. कधी चार बोय, कधी पसाभर कोलंबी, कधी नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. हा नामाचा वाटा. नामा म्हणजे तिचा नवरा, आणि तो दहा वर्षांपूर्वी खाडीवर गेला होता तो अजून परतला नव्हता.

हे ऐकून नेरूळच्या बिल्डिंगीत राहणारा माणूस भुवया उंचावेल, पण कोळीवाड्याची रीत साधी होती. पाण्यावर गेलेला माणूस सापडला नाही, तर तो मेला असं कोणी म्हणायचं नाही. बारा वर्षं तो ‘खाडीवर हाय’ असंच म्हणायचं. बारा वर्षं त्याच्या बायकोने कुंकू लावायचं, हातात हिरव्या बांगड्या ठेवायच्या, आणि गावातल्या होड्यांनी आपापल्या मासळीतून त्याचा वाटा काढून त्याच्या दारात ठेवायचा. बारा वर्षं सरली की दर्भाचा पुतळा करायचा, तो जाळायचा आणि मगच रडायचं. वाटा ठेवण्याचीही पद्धत ठरलेली होती. ठेवणाऱ्याने हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. घेणारणीने पावलं दूर जाईपर्यंत कडी काढायची नाही. देणारा कोण हे तिला कळलं, तर उद्या रस्त्यात त्याच्यापुढे तिची मान खाली जाईल, म्हणून. सरकारदरबारी इतकी अब्रू राखून कोणी काही देत नाही.

गोजरा मूळची दिवाळे गावची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन सारसोळ्यात आली आणि आल्या दिवसापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, असं गाव म्हणायचं. पोटी मूलबाळ झालं नाही. नामाने धरायचं आणि तिने विकायचं, एवढाच त्यांचा संसार. नेरूळला बिल्डिंगी उठल्या तशी ती डोक्यावर पाटी घेऊन जिने चढायला लागली. तिसऱ्या माळ्यावरच्या बाईने नाक मुरडून ‘ताजी आहे ना?’ विचारलं की ही म्हणायची, ‘तुज्यापेक्षा ताजी हाय.’ तरी बायका तिच्याकडूनच घ्यायच्या, कारण ती शिळं विकायची नाही.

नामा गेला ती माघातली सकाळ होती. पहाटे भरतीला गेला, दुपारपर्यंत आला नाही, म्हणून चार होड्या शोधायला निघाल्या. त्याची होडी सापडली ती तिवरांच्या झाडीत, दोरीने नीट बांधलेली. गाठ त्याचीच. जाळं घडी करून ठेवलेलं, कोरडं. विडीकाडी कोरडी. डब्यातली भाकरी अर्धी खाल्लेली, अर्धी झाकून ठेवलेली. जरा पाय मोकळे करायला उतरावं तसा तो उतरला होता. पण तिथे उतरायला जमीनच नव्हती. चहूकडे कमरेइतका चिखल होता आणि त्या ओल्या, गुळगुळीत चिखलावर एकही पाऊल उठलेलं नव्हतं. शोधायला गेलेल्यांपैकी कोणीही पुन्हा त्या तिवरांकडे जाळं टाकलं नाही.

अशी दहा वर्षं गेली. सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा गोजराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तराजूचा काटा दिसेना, पन्नासची नोट आणि शंभरची नोट सारखीच वाटायला लागली. एकदा ती पाटीसकट जिन्यावरून घसरली, तेव्हापासून विकणं बंद. ओट्यावर वाटा येतच होता, त्यामुळे कालवणाला तोटा नव्हता. तोटा होता तो भाताला. तांदूळ, रॉकेल, डोळ्यांचं औषध यांतलं काहीच खाडीतून येत नाही. कोळणीच्या घरात मासळी आहे आणि भात नाही, हे कोणाला सांगायचं तरी कसं?

शेजारच्या जयमालेला ते न सांगता कळलं. त्या घरची ही सून अंगणवाडीत कामाला होती, त्यामुळे सरकारी कागद तिच्या हाताखालून जायचे. एका दुपारी ती फॉर्म घेऊन आली.

‘काकी, पासष्टच्या वरच्या निराधार माणसांना सरकार आता पेन्शन देतंय. नवीन योजना हाय. दर महिन्याला पोस्टमन घरी आनून देनार. टेन्शन नको घेऊस, सगलं मी भरते.’

वयापासून अडलं. गोजराच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि ‘अंदाजे अडुसष्ट’ असा दाखला दिला. ‘बैल इकत घेतंस का काय?’ असं तिने त्यांना तोंडावर विचारलं. डॉक्टर हसले, पण शिक्का मारला. मग जयमाला ओळीमागून ओळ भरत गेली आणि एका रकान्यापाशी तिचा पेन थांबला. पती हयात की मयत, यांतलं नको ते खोडायचं होतं.

‘खाडीवर हाय, असं लिव,’ गोजरा म्हणाली.

‘तसा रकाना नाय, काकी. हयात लिवलं तर तू निराधार नाय. मयत लिवलं तर तलाठ्याकडे पंचनामा करून तुला अंगठा द्यायला लागंल. सात वर्सं मानूस सापडला नाय की सरकार त्याला मेलेला धरतं.’

सरकारची सात, गावाची बारा. गोजरा या दोन्हींच्या मध्ये, दहाव्या वर्षात अडकून बसली होती. तिने फॉर्म जयमालेच्या अंगावर टाकला आणि कपाळावरचं कुंकू हाताने चाचपून पाहिलं. आपल्या अंगठ्याने आपलाच नवरा मारायचा, आणि तोही तांदळासाठी, हे तिच्या घशाखाली उतरेना.

चार दिवसांनी डब्यातला तांदूळ संपला. पाचव्या दिवशी जयमालेने ताटलीभर भात झाकून आणला, चुलीपाशी ठेवला आणि गेली. गोजराने तो खाल्ला. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचा भात भूक म्हणून खाल्ला, आणि खाताना ती रडली. संध्याकाळी तिने जयमालेला भिंतीपलीकडून हाक मारून सांगितलं, ‘लिव. मयत लिव.’

पण मयत लिहायचं म्हटल्यावर दुसरा काटा बोचायला लागला. कागदावर नवरा मेलेला आणि दारात त्याचा वाटा, दोन्ही घेणं तिच्या हिशेबी चोरी होती. बाई फटकळ होती, पण नियत साफ होती. दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत जेट्टीवर विलास नाखव्याकडे गेली. गावच्या होड्यांमध्ये त्याचा शब्द चालायचा. ओहोटी लागलेली होती, उन्हात चिखल चमकत होता आणि विलास जाळं शिवत बसला होता.

‘इलास, उद्यापासून वाटा नको ठेवूस. बाकीच्यांना पन सांग. मी सरकारात लिवून देतंय.’

विलासचा हात थांबला. ‘कंचा वाटा, काकी?’

‘आमच्या घरचा.’

ती टोमणा मारते आहे असंच त्याला वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली. ‘बोल, काकी, बोल. तुजा हक्कच हाय. दोन वर्सं झाली वाटा बंद हाय. खाडीत कारखान्यांचं पानी येतंय, जाळ्यात पिशव्या येतात. आमच्याच घरी बाजारातली बर्फाची मासळी शिजते. पयल्यांदा मी थांबवला. मना वाटलं, बाकीचे देत असतील. त्यांना वाटलं, मी देतंय. नंतर कळलं का कोनीच देत नाय. मंग तुला सांगायला तोंड कोनाला व्हतं?’

‘काल जिताडा व्हता,’ गोजरा म्हणाली.

‘ह्या खाडीत?’ विलासने सुई खाली ठेवली. ‘काकी, जिताडा बगून मना पाच वर्सं झाली.’

त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तिला दिसलं नाही, पण त्याचा आवाज एकदम मऊ झाला, डोकं फिरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. ती काठी टेकत उठली. घरापर्यंतची वाट तिने कशी कापली हे तिलाच आठवलं नाही.

ओट्यापाशी आल्यावर ती वाकली. गेली दोन वर्षं ओट्याच्या पायरीवर मीठ फुटत होतं. पांढरी, खरखरीत खपली यायची, आणि गोजरा दर आठवड्याला नारळाच्या करवंटीने ती खरवडून काढायची. खाडीकाठच्या घरांना खार लागतोच, त्यात नवल काही नव्हतं. आता मात्र तिने भिंती चाचपल्या, ओटा चाचपला, चौकट चाचपली. सगळं कोरडं आणि गुळगुळीत होतं. मीठ फक्त पायरीवर होतं आणि तेही दोनच जागी, शेजारी शेजारी, माणसाने उभं राहावं इतक्या अंतरावर. दोन वर्षं ती कोणाच्या हातचं खात होती?

तिने हे जयमालेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जयमाला म्हणाली असती, कोणी भला माणूस असेल, काकी. आणि तसं मानायला गोजराचीही तयारी होती. भला माणूस असेल, कुठून तरी लांबून मासळी आणत असेल, पाय ओले असतील. तरीही त्या संध्याकाळी टोपली बाहेर ठेवताना ती तिने नेहमीसारखी टाकली नाही, हळूच टेकवली.

पहाट फटफटायच्या आधीच ती दाराला पाठ लावून आत बसली. गावात अजून कोंबडाही आरवला नव्हता. खाडीकडून पावलं आली. अनवाणी, ओली, दर पावलाला चिखल सोडवत येणारी. पायरीवर येऊन ती थांबली. पाणी ठिबकायला लागलं. मधे फळकुटाचं दार तेवढं होतं आणि त्याच्या फटीतून चिखलाचा, तिवराच्या पानांचा वास आत आला. कारखान्याच्या पाण्याचा वास त्यात अजिबात नव्हता. हा तिच्या लग्नाच्या वेळच्या खाडीचा वास होता.

मग तो वाकला. वाकताना गुडघा वाजला. टोपलीत मासळी ठेवताना त्याने ‘आई गं’ असं हलकेच म्हटलं, आणि उभं राहायला त्याला वेळ लागला. चौकटीला हात टेकवून तो दम घेत होता.

तो आवाज नामाचा होता, याबद्दल गोजराला तिळमात्र शंका राहिली नाही. ती दारापासून हातभर दूर सरकली. पण भीतीच्याही आत दुसरं काहीतरी हललं. खाडीवर गेला तेव्हा नामा पासष्टीचा होता, पण ताठ होता, भरलेली पाटी एका हाताने उचलायचा. दाराबाहेरचा हा माणूस थकला होता. जिथे कुठे होता तिथे तोही म्हातारा झाला होता, पंचाहत्तरीला आला होता, आणि गावाने हात आखडता घेतल्यापासून रोज पहाटे गार पाण्यातून येऊन बायकोच्या पोटाची सोय करत होता. पावलं परत गेली तशी तिने तोंडात पदर कोंबला. तिला त्याची दया आली. इतकी दया तिला त्रेचाळीस वर्षांच्या संसारात कधी आली नव्हती.

त्या दिवशी टोपलीत मूठभर निवट्या होत्या, चिखलातली बारकी मासळी. तेवढ्याच.

दोन दिवसांनी ती जयमालेला घेऊन तलाठ्याकडे गेली. विलास आणि आणखी चौघे पंच म्हणून आले होते, सगळे खालच्या मानेने. तलाठी शौकत भाऊसाहेब उरणकडचे, मऊ बोलणारे, चष्मा कपाळावर सरकवून लिहिणारे. त्यांनी पंचनामा वाचून दाखवला. नामा अमुक तारखेपासून बेपत्ता, शोध घेऊनही आढळून आला नाही, सबब मयत समजण्यात येत आहे.

‘समजण्यात म्हंजे?’ गोजराने विचारलं.

‘म्हणजे सरकारने तसं धरलं, मावशी.’

‘आनी मी?’

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवला. ‘ते तुमचं तुम्ही ठरवायचं. कागदाला तेवढा अंगठा पाहिजे. एकदा हा झाला की तुमची जबाबदारी आमच्यावर. त्यांच्यावर नाही.’

हे शेवटचं ते सहज बोलले असतील, रोज दहाजणांना बोलत असतील. पण गोजरा त्यासाठीच, नामाला मोकळं करायला, आली होती. हा अंगठा दिला की उद्यापासून पायरी कोरडी राहणार, हे तिला कळत होतं. गाव दोन वर्षांपूर्वी सुटलं, आता तोही सुटेल, आणि मग रोज सकाळी उठून दार कशासाठी उघडायचं? तांदूळ मिळेल. एवढंच मिळेल. तिने डावा अंगठा पुढे केला आणि भाऊसाहेबांनी तो शाईत दाबला तेव्हा मान फिरवली. बाहेर आल्यावर पंचांपैकी एकजण बांगड्यांबद्दल चाचरत काही बोलायला गेला. सरकारने कागद मागितलाय, बांगड्या नाय, असं म्हणून तिने त्याचं तोंड बंद केलं.

त्या संध्याकाळी तिने टोपली बाहेर ठेवली नाही. धुऊन, पुसून घरातच खुंटीला अडकवली आणि दाराशी बसून राहिली.

उजाडायला थोडा वेळ असताना पावलं आली. पायरीवर थांबली. ओट्यावर हात चाचपडत फिरल्याचा आवाज आला, टोपलीच्या जागेवरून एकदा, पुन्हा एकदा. त्याच्या दुसऱ्या हातात काहीतरी जिवंत होतं आणि ते फडफडत होतं.

गोजराने ओठ ओले केले. दहा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. ‘आता नको आनूस,’ ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली. ‘माजं सरकार बगनार हाय. मी अंगठा दिला. तुजं काम संपलं.’

बाहेरचं ठिबकणंही थांबलं. मग हातातलं खाली पडलं आणि पायरीवर दोन-तीनदा आपटून गप्प झालं. गोजराने डोळे मिटून घेतले. आता पावलं खाडीकडे निघतील, ती शेवटपर्यंत ऐकायची आणि मग रडायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती मोजत बसली. पावलं निघाली नाहीत. उलट एक पाऊल ओट्यावर चढलं, मग दुसरं. चौकटीपाशी दमलेला श्वास आला आणि दारावर दोनदा, हलकेच, थाप पडली.

तेव्हा तिला उमगलं की इतका विचार करूनही एक साधी गोष्ट तिच्याही ध्यानात आली नव्हती, जयमालेच्या नाही आणि तलाठ्याच्याही नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाचं काम संपलं की तो जातो कुठे? तो घरी येतो.

दाराखालून पाण्याचा ओघळ आत येऊन तिच्या पावलांना लागला आणि तो बर्फासारखा गार होता. ओरडली असती तर भिंतीपलीकडून जयमाला धावत आली असती. पुन्हा थाप पडली, आता जरा अधीर, दमून आलेल्या माणसाची.

गोजरा भिंतीला धरून उठली आणि तिचा हात कडीवर गेला.

‘आदी पाय धुवून ये,’ ती म्हणाली.